घरची रांग

"ही खुर्ची माझी आहे," थोरला म्हणाला.

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने मान वळवून पाठीला चिकटवलेला कागद वाचला. कागदावर आईच्या टपोऱ्या अक्षरात 'थोरला' असं लिहिलं होतं.

"बरोबर आहे," म्हातारा म्हणाला. "थोरला मीच."

थोरल्याने बायकोकडे पाहिलं. तिच्या खुर्चीचं प्रकरण आणखीच अवघड होतं. 'सून' लिहिलेल्या खुर्चीत झुपकेदार मिशांचा एक दणकट गृहस्थ मांडीवर पिशवी घेऊन बसला होता, आणि 'धाकटी'च्या खुर्चीत जाड भिंगांच्या चष्म्याची, सत्तरीतली एक बाई. चौथी खुर्ची 'नणंद'. तिच्यात मात्र खरीखुरी नणंद, म्हणजे या मुलांची आत्या बसली होती आणि तोंडाला रुमाल लावून हसू दाबत होती.

"आत्या, हे काय आहे?"

"घरची रांग," आत्या म्हणाली. "अकरा वर्षांत पहिल्यांदा आलायस, तर ओळख करून घे. हे तू. पोस्टमन होतास, आता निवृत्त. ही तुझी बायको, बसवर कंडक्टर होती. आणि ही आपली धाकटी. शिवणकाम करते."

मिशीवाल्या सुनेने अदबीने मान लववली.

नाट्यमंडळाची ही रीत जुनी, मंडळ काढणाऱ्या मास्तरांनी घालून दिलेली. चौथी रांग नटांच्या घरच्यांसाठी. खुर्च्यांवर नावं लिहायची नाहीत, नाती लिहायची. आणि त्या रांगेतली खुर्ची कधी रिकामी ठेवायची नाही, कारण पडद्याच्या भोकातून नट सगळ्यात आधी तिकडेच बघतो. घरचं कोणी येणार नसेल तर नटाने कोणाला तरी आणून तिथे बसवायचं. बाबा होते तोवर चारही नात्यांचं काम ते एकटेच करायचे, दर अंकाला खुर्ची बदलून. ते गेल्यावर आईने तीन माणसं शोधली. तिला शोधायला लांब जावं लागलं नाही.

पोस्टमन दोन्ही हातांनी खुर्चीचे हात धरून उठला. त्याचा डावा गुडघा लगेच सरळ होत नव्हता. "बसा तुम्ही. तुम्ही कायम, मी बदली," तो म्हणाला. कंडक्टरही उठला आणि जाता जाता सुनेसाठी खुर्ची रुमालाने पुसून गेला. शिवणवाली बाई उठायला लागली तेव्हा थोरल्यामागून आलेल्या खऱ्या धाकटीने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बसा मावशी. मी मागे उभी राहीन. या घरात मला सवय आहे."

ती गेली. थोरला बसला. खुर्ची अजून उबदार होती आणि ते त्याला अजिबात आवडलं नाही.

आज तो नाटक बघायला आलाच नव्हता. तो आईला न्यायला आला होता. तीन महिन्यांपूर्वी ती न्हाणीघरात पडली, मनगट मोडलं, शेजाऱ्यांनी उचललं म्हणे, आणि ही बातमीसुद्धा तिने आठ दिवसांनी दिली, हवापाण्याच्या गप्पांमध्ये मध्येच कुठेतरी. त्याने घरातली पूर्वेची खोली रिकामी केली. सुनेने तिथे वाचायचा दिवा बसवला, पलंगाची उंची कमी करून घेतली. ती दातांची डॉक्टर, तिला सगळं मापात लागतं. सकाळी सगळे आईच्या स्वयंपाकघरात बसले तेव्हा थोरल्याने स्वच्छ सांगितलं, "आता पुरे झाल्या या लष्कराच्या भाकऱ्या. उद्या सकाळी गाडीत बसायचं." गंमत म्हणजे धाकटी, जी दोन वर्षं त्याच्याशी धड बोलत नव्हती, तीही त्याच्याच बाजूने गेली.

"ने तिला," ती म्हणाली होती. "अख्ख्या गावाची मावशी आणि घरात पाहुणी. तिकडे निदान गाव तरी नसेल."

आत्याने पडलेला चेहरा करून "पडली तर पुन्हा?" एवढंच म्हटलं. म्हणजे तीन मतं झाली, सुनेचं धरून चार. आईने सगळ्यांचे कप गोळा केले, विसळले, पालथे घातले.

"प्रयोग झाला की सांगते," ती म्हणाली.

*

पडद्याला भोक आहे, एका रुपयाएवढं, आणि ते नेमकं आईच्या डोळ्याच्या उंचीवर आहे. इतरांना वाकावं लागतं.

तिने डोळा लावला. चौथ्या रांगेत तिचा मुलगा बसला होता. खरा. बापासारखाच एक पाय पुढे टाकून, हाताची घडी घालून. शेजारी सून, पाठ ताठ. अकरा वर्षं तिने ही रांग अशी भरलेली पाहायची फार इच्छा धरली होती. दर प्रयोगाआधी ती मुलांना फोन करायची, मुलं म्हणायची बघतो, बघते, आणि आई कागदावर नाती लिहायची. आज ती भरली तर आनंदाऐवजी भीतीच वाटली. ही माणसं बघायला आलेली नव्हती, न्यायला आलेली होती.

धाकटीच्या खुर्चीत शिवणवाली होती. म्हणजे धाकटी आली नाही. मग तिने भोकातून थोडं वर पाहिलं आणि मागच्या भिंतीला टेकलेली पोरगी तिला दिसली. पोरगी म्हणजे त्रेचाळीस वर्षांची, केसांत पांढरी बट. तिच्या शेजारी पोस्टमन, गुडघा चोळत.

"मावशी, जागेवर," विंगेतून आवाज आला.

तिची भूमिका हरवलेल्या वस्तूंच्या कार्यालयातल्या कारकून बाईची. दोन अंक. छत्र्या, चाव्या, एक कवळी, आणि शेवटी एक पत्र, जे न्यायला कोणीच येत नाही, म्हणून नाइलाजाने ती ते उघडून वाचते. पूर्ण दोन पानांचं पत्र, एका जागी उभं राहून, हालचाल नाही. तालमीत दिग्दर्शक, जो एरवी होमगार्डात ड्रिल घेतो, तो रोज एकच गोष्ट सांगायचा: मावशी, मागच्या भिंतीला वाचून दाखवा. पुढच्या रांगांना आपोआप ऐकू जातं.

पडदा सरकला. ती छत्र्या मोजायला लागली.

*

मध्यंतरात कंडक्टर बाहेर चहाला गेला. धाकटी भिंतीलाच टेकून राहिली. खाली उतरून भावाच्या शेजारी उभं राहणं तिला नको होतं, आणि रंगपटात आईकडे जाणं तर त्याहून नको.

"तुम्ही कसे ओळखता तिला?" तिने पोस्टमनला विचारलं, गप्प राहणं बरं दिसेना म्हणून.

"मी सात वीस," पोस्टमन म्हणाला.

"म्हणजे?"

"बाईंचा फोन. एकटं राहणाऱ्यांची यादी आहे ना त्यांची, मदत केंद्राची. सातपासून आठपर्यंत, दोन दोन मिनिटं प्रत्येकाला. उठलात का, गोळी घेतलीत का, आज काय करणार. एकोणीस वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही. मी सात वीस. कंडक्टर सात चव्वेचाळीस. शिवणवाल्या बाई पहिल्या, सातला, कारण त्यांना लवकर जाग येते."

"आणि नाही उचलला तर?"

"दोनदा लावतात. मग येतात." तो जरा थांबला. "एकदा मी मुद्दाम उचलला नव्हता."

"का?"

"यावं म्हणून." त्याने पँटची गुडघ्यावरची घडी सारखी केली. "आल्या. चालत. दारातून मला धडधाकट बघितलं, काही बोलल्या नाहीत. चहा केला, प्यायला, कप विसळून गेल्या. दुसऱ्या दिवशी सात वीसला पुन्हा फोन. पुन्हा कधी तसं केलं नाही मी. लाज वाटली."

धाकटीला हसू आलं आणि ते हसू मध्येच अडलं.

"आणि तिला कोण फोन करतं?"

"त्यांना कोण करणार? यादी त्यांचीच." पोस्टमनने तिच्याकडे नीट पाहिलं. "त्या पडल्या ना, त्या दिवशी सात वीसला फोन वाजला नाही. मी म्हटलं माझं घड्याळ पुढे असेल. सात बावीस झाले. सात पंचवीसला चपला घातल्या. तीस वर्षं त्या घरी पत्रं टाकली, मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते मला माहीत नसेल तर कोणाला?"

"आम्हाला सांगितलं शेजाऱ्यांनी उचललं."

"मग, मीच की. तीन गल्ल्या सोडून शेजारी."

धाकटीला तिला येणारे फोन आठवले. नऊ वर्षांपूर्वी, नवऱ्यापासून वेगळी झाली तेव्हा, आई रोज फोन करायची. जेवलीस का, झोपलीस का. एका संध्याकाळी तिने आईला सांगितलं होतं, "मला तुझ्या म्हाताऱ्यांसारखी हजेरी नकोय." आईने दुसऱ्या दिवसापासून रोजचा फोन बंद केला. एखाद्याने इतकंही ऐकू नये माणसाचं. तिला आठवडाभर वाटत होतं की येईल, आणि मग वाटायचं बंद झालं, आणि मग तिने त्याचाच राग धरला.

"प्रयोग संपला की तुम्ही जाणार ना आत?" पोस्टमनने विचारलं.

"कशाला?"

"चूक सांगायला. घरच्यांनी प्रत्येकी एक सांगायचीच. मास्तरांचा नियम. कौतुक पाहुण्यांनी करायचं, चूक घरच्यांनी सांगायची. बाई वहीत लिहून घेतात. मागच्या वेळी मी सांगितलं की मेलेल्या नवऱ्याचं नाव घेताना तुम्ही चष्मा पुसता, दर वेळी, ते खोटं वाटतं. तीन दिवस बोलल्या नाहीत माझ्याशी. फोन केला, पण फक्त 'उठलात का' एवढंच. मग चष्मा पुसायचा सोडला."

"मग आज काय सांगणार?"

"आज मी नाही जाणार. आज खरे आलेत. दोन दोन थोरले आत गेले तर त्यांनी कोणाचं लिहून घ्यायचं?"

घंटा झाली. दुसऱ्या अंकात छत्र्या गेल्या, चाव्या गेल्या, कवळीने हशा घेतला. मग रंगमंचावर एकच दिवा उरला आणि आईने पाकीट उघडलं. धाकटीला दिसलं की तिचे ओठ हलताहेत. पुढच्या रांगांत कोणीतरी नाक ओढलं. सुनेने पर्समध्ये रुमाल शोधला. मागच्या भिंतीशी मात्र नुसती कुजबुज पोचत होती, आणि मग तीही नाही. आई चौथ्या रांगेकडे बघून वाचत होती. दोन पानं ती तिथेच बघत राहिली.

धाकटी भिंतीपासून सुटून एक पाऊल पुढे आली. तरी ऐकू आलं नाही.

*

रंगपट म्हणजे एक अरुंद खोली, दोन आरसे, चार खुर्च्या आणि कपड्यांचा दांडा. आई कापसाने कपाळ पुसत होती. सगळे आत आल्यावर खोलीत हलायला जागा उरली नाही.

"आई, कमाल केलीस," थोरला म्हणाला. त्याला खरंच वाटलं होतं. शेवटी शेवटी त्याने हळूच डोळे टिपले होते, आणि त्याबद्दल त्याला थोडा आईचाच राग आला होता. "मला कल्पनाच नव्हती."

"मी तर रडले," सून म्हणाली. "खरंच सांगते आई, तुम्ही पत्र वाचलंत ना, मला माझ्या आईची आठवण आली."

"आलात, फार बरं वाटलं," आई म्हणाली आणि हात जोडले.

सुनेला ते कुठेतरी टोचलं. बाहेर दारात ज्या अनोळखी बाईने आईचं कौतुक केलं होतं, तिलाही आईने हेच वाक्य असंच हात जोडून दिलं होतं. सुनेला मापात बसवलेला पलंग आठवला आणि तिला पहिल्यांदा शंका आली की माप कशाचं घेतलं.

आईने मेजावरून एक वही ओढली. वरचा पुठ्ठा फाटलेला, पेन दोऱ्याने बांधलेलं.

"चूक?" तिने थोरल्याला विचारलं.

"कसली चूक?"

"काही चुकलं असेल ना माझं. एक तरी सांग."

"छे. काहीच नाही. परफेक्ट होतं." थोरला हसला. हा माणूस पुलांची तपासणी करतो. केसाएवढी भेग पन्नास फुटांवरून ओळखतो, आणि त्याच्यावर त्याचं पोट चालतं. "मला तरी नाही दिसली एकही."

आईने सुनेकडे पाहिलं. सुनेने मान हलवली. आईने वही मांडीवर तशीच उघडी ठेवली आणि दाराकडे पाहिलं. दारात कोणी नव्हतं. पोस्टमन बाहेर व्हरांड्यात पाठ करून उभा होता, कंडक्टर आणि शिवणवाली त्याच्या दोन बाजूंना, निरोप न घेता जाता येत नाही आणि आत तर यायचं नाही, असे. आईला तेव्हा इतकं एकटं वाटलं, जितकं न्हाणीघराच्या फरशीवर पडल्यापडल्याही वाटलं नव्हतं. तिथे निदान ती कोणाच्या तरी येण्याची वेळ मोजत होती.

"बरं, मग आता सांग," थोरला म्हणाला. "प्रयोगानंतर सांगते म्हणाली होतीस. सकाळी आठला निघू?"

"ऐकू आलं नाही," धाकटी म्हणाली.

ती दाराच्या चौकटीत उभी होती. थोरल्याला वाटलं त्यालाच म्हणाली. "मी म्हटलं, सकाळी आठला..."

"तुला नाही. आई, पत्र मला ऐकू आलं नाही. एक शब्द नाही. मी मागे होते."

सून पुटपुटली, "अगं, इतकं छान झालं, आत्ता कशाला..."

"तू चौथ्या रांगेसाठी वाचलंस," धाकटी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण सरळही नव्हता. "ह्यांच्यासाठी. तीनशे माणसं बसली होती, आणि मागे तीन माणसं उभी होती, आणि तू फक्त ह्यांना वाचून दाखवलंस. मी पुढे आले तरी ऐकू येईना. मला ऐकायचं होतं ते."

आईने दोऱ्याचं पेन उचललं. मनगट अजून नीट वळत नव्हतं, अक्षरं सावकाश येत होती. तारीख लिहिली. 'पत्र, आवाज मागे पोचला नाही' असं लिहिलं. मग पुढे नातं लिहायची जागा होती, तिथे 'धाकटी' लिहिलं. आधीच्या पानांवर त्या नात्यापुढे अकरा वर्षं शिवणवाल्या बाईच्या चुका होत्या, जवळजवळ सगळ्या कपड्यांबद्दलच्या.

"बरोबर आहे," ती म्हणाली. "घाबरले होते मी."

"कशाला?"

"ही रांग भरली म्हणून." तिने वही मिटली आणि थोरल्याकडे वळली. "मी नाही येत रे. खोली तुम्ही मनापासून केलीत, मला कळतं ते. पण तिकडे सकाळी सातला मी काय करू? तुमच्याकडे सगळे उठलेलेच असतात."

"आणि परत पडलीस म्हणजे?"

"तर सात पंचवीसला पोस्टमन चपला घालतात," धाकटी म्हणाली. "उचलणारे शेजारी म्हणजे तेच. विचार हवं तर, बाहेर उभे आहेत."

थोरल्याने बहिणीकडे असं पाहिलं की सकाळची युती तिथल्या तिथे मोडली. तिने आत्याकडे पाहिलं. आत्या खुर्चीत टेकली होती आणि तिचे डोळे ओले होते, पण तोंड आत्याचंच होतं.

"मी सकाळी तुमच्या बाजूने होते," ती म्हणाली, "पण मी माझं मत मागे घेते. माझं वय झालंय, मला चालतं. आणि वहिनी, तुला एक चूक मीही सांगते, नाटकातली नाही. तीस माणसांना रोज विचारतेस उठलात का. काखेत कळसा नि गावाला वळसा."

आई कपाळावर कापूस फिरवत राहिली, रंग केव्हाच निघाला होता.

थोरला आणि सून बाहेर गेले तेव्हा व्हरांड्यात पोस्टमनने थोरल्याला वाट करून दिली. थोरला दोन पावलं पुढे गेला, थांबला, मागे वळला. "तो गुडघा दाखवून घ्या," तो म्हणाला. पोस्टमन म्हणाला, "हो, घेतो."

धाकटीची बस संध्याकाळी साडेसातची होती. ती पिशवी घ्यायला आत वाकली तेव्हा आई आरशाकडे बघतच म्हणाली, "तू किती वाजता उठतेस हल्ली?"

"का?"

"माझ्याकडे सात अठ्ठावन्न रिकामी आहे. घड्याळजी होते त्या वेळेला. गेल्या महिन्यात गेले."

धाकटीने पिशवीचा बंद दोनदा खांद्यावर सारखा केला.

"आणि मी उचलला नाही तर?"

"दोनदा लावते. मग येते."

"सहा तास लागतात माझ्याकडे यायला."

"मग दोनपर्यंत पोचते."

"बघू," धाकटी म्हणाली आणि गेली.

*

धाकटीच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे सकाळ झाली ते घड्याळावरूनच कळतं. ती साडेसहालाच उठली होती. प्रवासाने अंग दुखत होतं. प्रयोगशाळेत नऊला पोचायचं होतं, तपासायचे नमुने वाट बघत असणार. चहा करून तो टेबलावर ठेवला आणि फोन कपाच्या शेजारी ठेवला, मग जरा लांब सरकवला.

सात वीसला तिला पोस्टमन आठवला. आता आई त्याला विचारत असेल. गुडघा कसा आहे. सात चव्वेचाळीसला कंडक्टर. एकेक करून गल्लोगल्ली माणसं उठल्याची खात्री होत होती, आणि ती इथे, सहा तासांवर, चहा निवू देत बसली होती.

सात सत्तावन्न झाले. तिला वाटलं, विसरेल. मग वाटलं, विसरली तर बरंच. मग ती नुसती बघत राहिली.

सात अठ्ठावन्नला फोन वाजला.

तिने हात पुढे केला आणि पडद्यावर 'आई' दिसलं तसा तो मांडीवर परत घेतला. पोस्टमनला लाज वाटली होती, तिलाही वाटत होती. फोन वाजत राहिला, कपातल्या चहावर बारीक थरथर आली, आणि मग तो बंद झाला.

खालच्या रस्त्यावर कोणीतरी दुकानाचं शटर वर ओढलं. ती फोनकडे बघत होती, आणि सहा तासांवर एक बाई यादीतल्या एका नव्या नावावर बोट ठेवून बसली असेल, मनगट दुखत असेल, चपला दाराशी असतील, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

एक मिनिट गेलं असेल. फोन पुन्हा वाजला.